पत्र्यावरचा पांढरा रंग: सोलापूरच्या एका उन्हाळ्याचा अनुभव

आमची खोली दहा बाय बाराची, वर पत्रा. आई इथेच बसून बिड्या वळते आणि संध्याकाळी मी इथेच नववी-दहावीच्या मुलांना भूगोल शिकवते. एप्रिल-मेच्या दुपारी पंखा लावला की पत्र्याची झळच अंगावर येते. तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तरी तासाभरात कडक होतात, वळताना चिरतात. चिरलेली बिडी बाद होते आणि तेवढी मजुरी जाते. म्हणून यंदा मार्चमध्ये ऊन परतवणारा पांढरा रंग पत्र्याला मारला.

दहा लिटरची बादली, प्रायमर आणि तारेचा ब्रश मिळून ३,४०० रुपये गेले. खरी मेहनत गंज खरवडण्यात आहे. भावाचा अख्खा रविवार त्यात गेला. पन्हाळीच्या पत्र्याला सपाट छतापेक्षा जास्त रंग लागतो, तेव्हा हिशेब थोडा वाढवूनच धरा. आणि हात मारायचा तो सकाळी लवकर. भावाने एक कोपरा दुपारी रंगवला, तिथे आता पापुद्रे सुटलेत.

मेमधल्या एका दुपारी दोन वाजता भिंतीवरचं तापमापक ३९ दाखवत होतं. तेच काढून शेजारच्या मावशींच्या तशाच खोलीत, बिनरंगाच्या पत्र्याखाली अर्धा तास टांगलं. ४३! चार अंश ऐकायला थोडे वाटतील. पण दरवर्षी दुपारी डोकं धरून आडवी होणारी आई यंदा मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची. रात्री मात्र फारसा फरक नाही, भिंती तापलेल्याच असतात. धूळ बसली की रंग मळतो आणि त्याचा जोर कमी होतो. तो धुवायचा कशाने? उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड.

रंग चांगला आहे, जमत असेल तर जरूर घ्या. पण ३,४०० रुपये म्हणजे आईची पंधरा-सोळा दिवसांची मजुरी. ती तिने का भरायची, हे मला पटत नाही. हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड वर्षाला माणशी अमेरिकेत सुमारे १४ टन सोडला जातो, भारतात सुमारे २, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. आईच्या वाट्याला तर ते दोनही येत नसतील. एक पंखा, एक दिवा आणि दोन महिने पुरवलेला सिलिंडर. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं होतं, की हवामान बदलाला तोंड देण्यासाठी २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठायला २०२२ उजाडलं, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा. ऊन वाढवलं कुणी आणि कर्ज कुणाच्या नावावर!

शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी धोरण आणलं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांचं मूळ गाव तिकडचंच, त्यामुळे त्याची चर्चा इथे फार झाली. आपल्याकडेही पत्र्याच्या घरांना हा रंग सरकारी खर्चाने मिळायला हवा, निदान घरी बसून काम करणाऱ्या बायकांना तरी.

मावशींची भिशी दिवाळीला लागणार आहे. पाऊस उघडला की त्यांचाही पत्रा रंगवायचा ठरलंय. तारेचा ब्रश आमच्याकडे आहेच.