०.८ सीसी इंजिनाला विमान कोणतं: तारेचं की रिमोटचं?

पुतण्याकडे कॉक्स कंपनीचं 'बेबी बी' हे मॉडेल विमानाचं इंजिन पडून आहे, ०.०४९ घनइंच, म्हणजे जेमतेम ०.८ सीसी. तारांवर गोल फिरणारं कंट्रोललाइन विमान बांधावं की रिमोटचं, यावर त्याचं अडलंय.

आधी इंजिनाचा स्वभाव बघा. याला थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करायची सोय, नाही. मागच्या चिमुकल्या टाकीतलं इंधन संपेपर्यंत ते पूर्ण वेगातच पळतं. तारेवर हे खपून जातं. रिमोटवर मात्र वेग आवरता येत नाही, आणि इंजिन बंद पडलं की तरंगतच उतरवावं लागतं. म्हणून तिथे ग्लायडरसारखं, मीटरभर पंखाचं, अगदी हलकं विमानच हवं. वजन वाढलं की ते रडतखडत चढणार.

खर्चात तुलनाच नाही. बाल्साची (हलक्या लाकडाची) फळी, बेलक्रँक (तारांची ओढ शेपटीच्या पट्टीपर्यंत नेणारी तरफ), तारा, हँडल एवढ्यावर कंट्रोललाइन भागतं. रिमोटला ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्व्हो (पट्ट्या हलवणारी छोटी मोटर), बॅटरी. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेलाचं इंधन दोघांना सारखंच. आपटल्यावर कंट्रोललाइनचा जाड बाल्सा गोंदाने सांधतो, रिमोटचा हलका सांगाडा चुरतो.

जागा कमी, खिसा हलका, हात नवखा असेल तर कंट्रोललाइन (सुरुवातीला चक्कर येते, ती धरून चाला). ट्रान्समीटर घरात असेल, मोठं मैदान आणि तरंगण्याची हौस असेल तरच रिमोट.