घोडबंदर रोडवरचा ग्रीन टॉवर : तीन उन्हाळे राहून झाल्यावर

ठाण्यात नौपाड्यातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर विकून आम्ही कासारवडवलीला चोविसाव्या मजल्यावर आलो, त्याला तीन उन्हाळे झाले. लॉबीत ग्रीन बिल्डिंगच्या गोल्ड मानांकनाचा बोर्ड आहे. माझी २८ वर्षं वीजमीटर तपासण्यात गेली, त्यामुळे बोर्डापेक्षा मोजमापावर माझा भरवसा जास्त. घर शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

आधी खिडक्या. पश्चिमेला येऊरचे डोंगर दिसतात म्हणून त्या बाजूच्या फ्लॅटचा दर चढा होता, तो आम्ही हौसेने दिला. हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काच. काच दुहेरी आहे, उष्णता अडवणारा लेपही आहे. तरी एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर ऊन जे आत शिरतं ते सहापर्यंत हटत नाही. इतक्या खाली उतरलेल्या उन्हाला वरचा छज्जाही पुरत नाही, बाहेरून उभ्या पट्ट्यांचा आडोसाच लागतो, आणि तो इथे नाही. आतल्या पडद्याने भागत नाही. ऊन काच ओलांडून आलं की पडदा तापतो आणि धग खोलीतच राहते.

बरं, एवढ्या काचेतली उघडते किती? घरांसाठी केंद्राची इको निवास संहिता आहे, २०१८ची. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के हवं, म्हणजे सहावा हिस्सा, असं ती सांगते. मी टेप घेऊन मोजलं. आमचं चटईक्षेत्र ६५० चौरस फूट. उघडी जागा १०८ फूट हवी, भरली ६३. सरकत्या खिडकीचं एक दार दुसऱ्यामागे जातं, त्यामुळे मोकळी वाट निम्मीच. हॉलमध्ये तर बरीचशी काच कायमची बंद. चोविसाव्या मजल्यावर खाडीवरून एवढा वारा येतो आणि आम्ही एसी लावून बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

याच घरातली मागची बेडरूम बघा. तिलाही पश्चिमच आहे, पण पुढे पाच फूट खोल गॅलरी आहे. तिथे मी बांबूची चिक सोडली. मे महिन्यात संध्याकाळी पाचला हॉलमध्ये ३४ अंश असताना तिथे ३१ होते. बिल्डर तोच, सिमेंट तेच, फरक फक्त सावलीचा. वास्तुकार चार्ल्स कोरियांची मुंबईत कंबाला हिलवरची २८ मजली कांचनजुंगा इमारत १९८३मध्ये पूर्ण झाली. तिथेही समुद्राचा वारा पश्चिमेचा आणि ऊन-पाऊसही तिकडचाच. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती उंचावर नेली आणि दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. हे शेजारीच मुंबईत चाळीस वर्षांपासून उभं असताना नव्या टॉवरांनी काचेचा सपाट पडदा का निवडावा?

पाण्याच्या बाबतीत मात्र इमारत मनापासून आवडली. फ्लशला वेगळी पाइपलाइन आहे आणि तिच्यात तळघरातल्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, शुद्ध केलेलं पाणी येतं. घोडबंदरला उन्हाळ्यात टँकरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची किंमत कळेल. मध्यंतरी नव्या ठेकेदाराने वीज वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवायला सुरुवात केली. आठवड्याभरात फ्लशला पिवळट, घाण वासाचं पाणी आलं आणि सगळे फ्लशलाही पिण्याच्या पाण्याची लाइन द्या म्हणू लागले. जुन्या ऑपरेटरला परत बोलावलं. तो म्हणाला, "ताई, आत जिवंत जिवाणू आहेत. त्यांना चोवीस तास हवा लागते आणि रोज जेवायला लागतं." गणपतीत अर्धी इमारत कोकणात गेली की सांडपाणी कमी पडतं, तेव्हा तो टाकीत गूळ सोडतो. आता दर महिन्याला पाण्याच्या तपासणीचा अहवाल नोटीस बोर्डावर लागतो, त्यासाठी मी कमिटीत भांडले.

सोलरकडून फार अपेक्षा ठेवू नका. मजले ३२ आणि गच्ची एकच. आमचे २० किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला ८० युनिटच्या आसपास देतात, त्यात जिन्या-पार्किंगचे दिवे निघतात. उंचीचा खर्च वेगळाच आहे. हजार लिटर पाणी ८० मीटर चढवायला पंपात वाया जाणारी वीज धरून साधारण ०.४ युनिट जातं, आणि इथे ते रोज शेकडो वेळा चढतं. लिफ्ट चांगल्या आहेत, भरून उतरताना आणि रिकामी चढताना मोटर उलट वीज परत देते.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण पश्चिमेच्या काचेने घालवले.

इथे किंवा आसपास घर बघायला जाणार असाल तर सकाळची वेळ घेऊ नका, एप्रिलमध्ये चारला जा. सेल्समनला एसी बंद करायला सांगा, प्रत्येक खिडकी उघडून बघा आणि तळघरात उतरून एसटीपीचं रोजचं रजिस्टर मागा. आमच्या सोसायटीने गेल्या सभेत दोन फ्लॅटना बाहेरून उभ्या पट्ट्या लावायला परवानगी दिली, त्यातला एक आमचा. पावसाळा संपला की काम सुरू होईल. थर्मामीटर हॉलमध्येच टांगून ठेवला आहे.