पोर्ट बदलू की वायरलेस चार्जर घेऊ?

फोंड्याहून भाचीचा फोन: "मामा, पिन वाकडी धरली तरच चार्ज होतो. काय करू?"

आधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने पोर्ट हलकेच कोरायला सांगितलं. खिशातला कापसासारखा मळ तळाशी दाबून बसतो, मग पिन पूर्ण आत जातच नाही. निम्मी दुखणी इथेच बरी होतात. तिचं नाही झालं.

खर्च म्हणाल तर मी म्हापशात साडेपाचशेत पोर्ट बदलला. पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असेल तर काम स्वस्त. पोर्ट मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेला असेल तर कारागिराचा हात बघूनच द्यावा. वायरलेस चार्जरला फोनमध्ये कॉइल (चार्जरकडून वीज घेणारं तारेचं वेटोळं) हवी, स्वस्त फोनांत ती सहसा नसते.

टिकाऊपणात नवा पोर्टही कमी नाही. टाइप-सी १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. मात्र फोन उघडला की पाण्यापासूनचं सील पूर्वीसारखं राहीलच असं नाही, आणि आपला पावसाळा ठाऊक आहेच. वायरलेसमध्ये झीज नाही, पण वीज उष्णतेत वाया जाते, फोन तापतो. शिवाय पोर्ट बिघडलेलाच राहिला तर केबल लावून फोटो कॉम्प्युटरवर घेणंही अवघड.

दिवसभर बाहेर, पॉवर बँकेवर जगणाऱ्याने पोर्टच बदलावा. फोन वर्षभरात बदलायचाच असेल आणि कॉइल असेल, तर चार्जर घ्या. पुढच्या फोनमध्ये कॉइल असली तर तो त्यालाही चालेल.