ड्रायव्हर सेफ्टी आणि कोचिंगची सर्व्हिस: कॅमेरा ठीकठाक, ॲप डोकेदुखी, कोच मात्र पैसा वसूल

चाकणला आमचा ट्रान्सपोर्ट आहे, पंचवीसच्या आसपास गाड्या, निम्मे ट्रेलर कंटेनर घेऊन न्हावाशेवा पोर्टला जातात आणि बाकीच्या चौदा फुटी, सतरा फुटी आयशर ऑटो पार्ट घेऊन चाकण, रांजणगाव, तळेगाव अशा फिरत असतात. वर्षापूर्वी एका मोठ्या कस्टमरने टेंडरमध्येच अट टाकली की गाड्यांना डॅशकॅम पाहिजे आणि ड्रायव्हर सेफ्टी प्रोग्राम पाहिजे, म्हणून ही सर्व्हिस घेतली. कंपनीचं नाव टाकत नाही कारण करार अजून चालू आहे, आणि तसंही बाजारात चार-पाच जण थोड्याफार फरकाने हेच विकतात त्यामुळे जे लिहितोय ते कुणाकडूनही घेताना उपयोगी पडेल.

सेल्सवाला आला तेव्हा पहिल्याच स्लाईडवर 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातली 71 टक्के ओव्हरस्पीडिंगमुळे, असा सरकारी आकडा. आकडा खराच आहे, पण त्यानंतरचा सगळा तास तो कॅमेऱ्याबद्दलच बोलला, कोचिंगला शेवटची दोन मिनिटं. वर्षभरानंतर माझं मत याच्या बरोब्बर उलटं झालंय, कॅमेरा दोन मिनिटांचा विषय आहे.

तर आधी कॅमेरा उरकतो. पुढच्या काचेला एक रस्त्याकडे बघणारा, एक आत ड्रायव्हरकडे बघणारा, आतल्याला इन्फ्रारेड असल्यामुळे रात्रीही चेहरा दिसतो. डुलकी, मोबाईल, सिगारेट, सीटबेल्ट, पुढच्या गाडीच्या फार जवळ जाणं, लेन सोडणं आणि जोरात ब्रेक, एवढ्याची नोंद होते. पिक्चर चांगला, रात्री समोरून हाय बीम आला तर नंबर प्लेट वाचता येत नाही, ते कुणाच्याच कॅमेऱ्यात येत नसावं. फिटिंगवाली पोरं हुशार होती, वायरिंग नीट लपवलं. एक लक्षात ठेवा, सेल्सवाले मोघम बोलतात पण एआयएस 140 वालं (त्या सरकारी मानकाचं) जीपीएस जिथे कायद्याने लागतं तिथे ते मंजुरी असलेलंच लागतं, आमच्या सेटमधलं जीपीएस त्यातलं नव्हतं, आधी लेखी विचारून घ्या नाहीतर पासिंगला, म्हणजे गाडीच्या फिटनेस तपासणीला, आरटीओत उभे राहाल.

पहिले काही आठवडे अलार्मने जीव नकोसा केला. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर काय असतं ते माहितीये ना, टू-व्हीलर बंपरला घासून जातात, आणि प्रत्येक टू-व्हीलरला मशीन बोंबलतं की टक्कर होणार. ड्रायव्हर म्हणाले शेठ हे बंद करा नाहीतर आम्ही उतरतो. तंबाखू टाकायला हात तोंडाकडे गेला की मोबाईलची नोंद, जांभई दिली की डुलकीची नोंद, काळा गॉगल घातला की चेहराच दिसत नाही म्हणून वेगळी नोंद. दोघांनी कॅमेऱ्यावर गमछा टाकला, एकाने फ्यूज काढून खिशात ठेवला. कंपनीला सांगून कमी स्पीडचे टक्करवाले अलार्म बंद करायला लावले, ब्रेकचं सेटिंग आयशरला वेगळं आणि भरलेल्या ट्रेलरला वेगळं करायला लावलं, तेव्हा कुठे शांतता झाली. हे काम खरं तर त्यांनी स्वतःहून करायला पाहिजे होतं, सपोर्टला फोन लावला की तिकडून हिंदीत तिकीट नंबर (तक्रारीचा नंबर) मिळतो आणि मग सामसूम. इथे मी पाचात दोनच देईन.

आता कोच. पॅकेजमध्ये महिन्यातून दोनदा यार्डात येणारा माणूस होता. मला वाटलं येईल कुणीतरी टाय घातलेला पोरगा, पण आले ते एसटीतून रिटायर झालेले गृहस्थ, डेपोत ड्रायव्हरांना शिकवायचं काम केलेले, सगळे त्यांना आप्पा म्हणायला लागले. एसटीत विनाअपघात सेवा केलेल्या ड्रायव्हरांचा सत्कार होतो, बिल्ला मिळतो, तो यांच्याकडे होता, आणि आमच्या ड्रायव्हरांनी पहिली पाच मिनिटं तोच बघितला. त्या बिल्ल्याने जे काम केलं ते कंपनीच्या कुठल्याच व्हिडिओने केलं नसतं.

त्यांची पद्धत साधी. एका वेळी एकच ड्रायव्हर, दहा-पंधरा मिनिटं, एकच क्लिप, एकच सवय. चार माणसांत कुणाचीही क्लिप लावायची नाही, यावर एकदम कडक. आधी क्लिप दाखवायची आणि विचारायचं की मामा इथे काय झालं, मग गप्प बसायचं. ड्रायव्हर स्वतःच सांगतो. मी सुरुवातीला लांबून बघायचो, सुपरवायझर मात्र मध्ये तोंड घालायचा की तुझं चुकलंच, त्याला आप्पांनी चहा आणायला पाठवलं (खरंच पाठवलं, तो अजून फुगलेला आहे). आणि प्रत्येक वेळी एक तरी चांगली क्लिप, म्हणजे बाईकवाला आडवा आला आणि ड्रायव्हरने आधीच अंतर ठेवलं होतं म्हणून वाचला, अशी. आमच्या धंद्यात ड्रायव्हरला ऑफिसात बोलावलं म्हणजे शिव्या किंवा पगार कापणार एवढंच माहिती, त्यामुळे चांगलं केलं म्हणून बोलावलंय हे पचायलाच वेळ लागला.

एक किस्सा नीट सांगतो कारण सगळ्या प्रोग्रामचा जीव त्यात आहे. पाटोद्याकडचे एक सीनियर ड्रायव्हर, वीस वर्षं ट्रेलरवर, डिझेलचं ॲव्हरेज सगळ्यांत भारी. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवीन बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत जो लांब उतार आहे, तिथल्या त्यांच्या डेटामध्ये स्पीड साठ आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) सहाशे, उभ्या गाडीत असतात तेवढेच. म्हणजे गाडी सरळ न्यूट्रल. त्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने एका झटक्यात कितीतरी गाड्या उडवल्या होत्या ते सगळ्यांना आठवत असेल, त्यानंतरही तिथे अपघात थांबले नाहीत. आप्पांनी विचारलं, मामा इथे गिअर कुठला होता. मामा म्हणाले, गिअर कशाला, उतार आहे, डिझेल वाचतं, शेठ ॲव्हरेजवर बक्षीस देतात.

आप्पा माझ्याकडे बघून काहीच बोलले नाहीत, मामांना म्हणाले चला चक्कर मारू. बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाडीत त्या क्षणाचं ॲव्हरेज मीटरवर दिसतं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की इंजिनला डिझेल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत असतात, आणि न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल लागायला लागतं. म्हणजे वाचतं असं वाटतं तिथेच जळतं. मामांनी दोन्ही करून बघितलं, मीटर बघितलं, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग आप्पांनी बाकीचं सांगितलं, न्यूट्रलमध्ये इंजिन गाडी ओढून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापले की लायनर पकडत नाहीत, पुन्हा पुन्हा पंपिंग केलं की ब्रेकची हवा उतरते, आणि कुणी शहाणा इंजिनच बंद करत असेल तर ती हवा भरणारा कॉम्प्रेसर पण बंद आणि स्टिअरिंग दगड. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा हे आपल्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतच आलेत, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी ओढून धरणारा) आल्यापासून तर बहाणाच उरला नाही. आता तेच मामा नवीन पोरांना मीटर दाखवत असतात.

यानंतर आप्पांनी मला ऑफिसात बसवून सांगितलं की शेठ, नुसत्या ॲव्हरेजवर बक्षीस दिलं तर माणूस न्यूट्रल करणारच. आता निम्मं बक्षीस ॲव्हरेजवर आणि निम्मं घाट, उतार नीट उतरण्यावर आहे. अर्धा कोर्स ड्रायव्हरचा आणि अर्धा मालकाचा असतो हे कंपनीच्या ब्रोशरमध्ये कुठेच नाही.

दुसरी गोष्ट पण तशीच. ॲप प्रत्येक ड्रायव्हरचा स्कोअर देतं, आप्पा ते बाजूला ठेवून ट्रिपप्रमाणे नोंदी मांडायला लागले. तेव्हा दिसलं की ओव्हरस्पीड आणि जोरात ब्रेकच्या नोंदी ठराविक माणसांच्या नाहीतच, त्या ठराविक ट्रिपच्या आहेत, ज्या दिवशी प्लांटमधून लोडिंग उशिरा सुटतं आणि पोर्टच्या गेट क्लोजिंगची (कंटेनर आत घ्यायची शेवटची) वेळ तीच राहते त्या दिवशीच्या. गाडी दुपारी दोनला निघायची ती संध्याकाळी सातला निघते, वरून सुपरवायझर दर अर्ध्या तासाला फोन करतो कुठे पोचला, आणि तोच फोन उचलला म्हणून मशीन ड्रायव्हरच्या नावावर मोबाईलची नोंद टाकतं. काय बोलायचं! आता चालत्या गाडीला फोन करायचा नाही असा नियम सुपरवायझरला आहे, लोकेशन ॲपवर दिसतंच. उशिरा सुटलेल्या गाडीला पोर्टचा पुढचा स्लॉट मागतो, कस्टमर कुरकुर करतो, पण ज्यांनी सेफ्टी प्रोग्रामची अट टाकली त्यांनाच त्यांच्या प्लांटच्या गेटमधून गाडी सुटल्याची वेळ छापून दाखवली की कुरकुर कमी होते.

झोपेचंही तेच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं, ट्रान्सपोर्ट लाईनमध्ये ते किती जण पाळत होते ते आपल्या सगळ्यांनाच माहितीये. पहाटे दोन ते पाच या वेळात डुलकीच्या खऱ्या नोंदी सगळ्यांत जास्त येतात, आणि अलार्म वाजून माणूस जागा होतो तो जेमतेम थोडा वेळ, झोप काही जात नाही. पोर्टवर दिवसभर लाईनीत उभं राहून रात्री परत निघालेल्या माणसाला कोचिंग करून उपयोग शून्य, त्याला झोपू द्यावं लागतं. पहाटेच्या त्या वेळात आता ट्रेलर हॉल्टला उभे असतात. फेऱ्या थोड्या कमी झाल्या, हो, झाल्या. आप्पांच्या सांगण्यावरून सगळ्यांचे डोळे पण तपासून घेतले आणि काही जणांना चष्मा लागला, रात्री समोरचं नीट दिसत नाही हे ते नोकरी जाईल म्हणून बोलत नव्हते.

ॲपबद्दल फार चांगलं लिहिता येणार नाही. स्कोअर किलोमीटरवर काढतात पण रस्ता कुठला ते बघत नाहीत, त्यामुळे रोज भोर घाट उतरणारा ट्रेलरवाला खाली आणि एमआयडीसीतल्या सरळ रस्त्यावर फिरणारा आयशरवाला टॉपर. वर कंपनी दर सोमवारी पहिला ते शेवटचा अशी यादी पाठवते आणि म्हणते ड्रायव्हरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. एकदाच टाकली, शेवटून पहिला आलेला चांगला माणूस दोन दिवस कामावर आला नाही. परत टाकली नाही, तुम्हीही टाकू नका.

आतल्या कॅमेऱ्याचं आधीच ठरवून घ्या. ट्रेलरवाला केबिनमध्येच झोपतो, कपडे बदलतो, घरी व्हिडिओ कॉल करतो, ती त्याची खोलीच आहे. इग्निशन बंद की आतला कॅमेरा बंद, आवाज रेकॉर्ड होणार नाही, आणि क्लिप कोण कोण बघू शकतं ते मराठीत आणि हिंदीत लिहून सही घेतली. ते केलं त्या दिवसापासून गमछे निघाले. आमच्या कंपनीने हे सेटिंग मागितल्यावर दिलं, पण मूळ सेटिंगमध्ये आवाज चालू होता, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

व्हिडिओचा फायदा मात्र खरा. मोठी गाडी म्हणजे चूक मोठ्या गाडीचीच, हे रस्त्यावरच्या गर्दीने आधीच ठरवलेलं असतं. शिक्रापूर रोडला एक कार राँग साईडने येऊन आमच्या आयशरला घासली, क्लिप दाखवल्यावर प्रकरण तिथेच मिटलं. पण क्लिप मिळवणं हा वेगळा ताप, मशीन फक्त नोंद झालेले तुकडे सर्व्हरवर पाठवतं, बाकीचं मेमरी कार्डवर असतं आणि त्यावर काही दिवसांत नवीन रेकॉर्डिंग चढतं. काही झालं की त्याच दिवशी कार्ड काढून घ्या, तिकीट टाकून वाट बघू नका. इन्शुरन्स स्वस्त होईल हे सेल्सवाल्याचं बोलणं पण सोडून द्या, थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) दर सरकार ठरवतं, त्यात कॅमेऱ्यामुळे एक रुपया कमी होत नाही, ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात) घासाघीस करता येते, आम्हाला थोडं मिळालं.

करार तीन वर्षांचा लॉक-इन, दर गाडीला महिन्याचं भाडं, आणि गाडी विकली तरी उरलेले महिने भरायचे, ही ओळ अगदी बारीक अक्षरात होती. कोचच्या फेऱ्या पहिल्या वर्षीच पॅकेजमध्ये, दुसऱ्या वर्षापासून वेगळे पैसे, म्हणजे ज्याचा उपयोग तेच काढून घेतलं. सध्या त्याच्यावरूनच बोलणं चालू आहे. नवीन घेणाऱ्यांनी कोच कोण येणार, त्याने स्वतः जड गाडी चालवलीये का, आणि तोच माणूस वर्षभर राहणार का, हे विचारून करारात टाकून घ्या, मग कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारा. डेमो पण ऑफिसच्या टेबलावर नको, आपल्याच भरलेल्या गाडीत रात्रीचा घाट उतरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्या ट्रिपच्या सगळ्या नोंदी ड्रायव्हरला शेजारी बसवून तपासा, निम्म्या खोट्या निघाल्या तर तिथेच नाही म्हणून सांगा.