शंभराव्या कॅशचं कौतुक: टिळकवाडी, राजहंसगड की घरचं टेबल?

जिओकॅशिंग (कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजे ‘कॅश’, जीपीएसनं शोधायचा खेळ) करणाऱ्या मित्राची शंभरावी (किंवा पाचशेवी) कॅश कोड्यांच्या शोधखेळानं साजरी करायची, तर बेळगावात तीन पर्याय आहेत: टिळकवाडीत पायी फिरायचं टप्प्याटप्प्याचं कोडं, येळ्ळूरच्या राजहंसगडावरची सकाळ, नाहीतर घरी कुलूपबंद पेटी. आमचा कल आधीच सांगतो. मंडळी जास्त आणि त्यात पोरंबाळं, आजी-आजोबा असतील तर टिळकवाडी. चार-पाच चालणारे असतील आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला महिना असेल तर राजहंसगड. जून ते सप्टेंबर असेल तर मुकाट्यानं टेबल, कारण इथला पाऊस सांगून येत नाही.

जागा कुठलीही ठरो, एक हिशेब आधी करा. तुम्ही एका दिवसापुरते लपवलेले डबे जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर नोंदवता येत नाहीत. कॅश किमान तीन महिने जागेवर राहील अशी असावी लागते. त्यामुळे खेळ कितीही रंगला तरी मित्राचा आकडा ९९ वरच राहतो. उपाय म्हणजे त्याच दिवशी, त्याच परिसरात एक ‘इव्हेंट’, म्हणजे जिओकॅशरांचा मेळावा, त्या संकेतस्थळावर नोंदवणं. हजेरीची नोंद सापडलेल्या कॅशमध्ये धरली जाते, म्हणजे शंभरावी नोंद तिथंच पडते. अर्ज किमान दोन आठवडे आधी करावा लागतो, इव्हेंट किमान अर्ध्या तासाचा हवा आणि तो सगळ्यांना खुला हवा. ‘फक्त आमची गँग’ चालत नाही. कोड्यांचा खेळ त्याला जोडून वेगळा ठेवा.

आता टिळकवाडी. सपाट रस्ते, चहा जवळ, आणि पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट अशी रेल्वे फाटकांची आयती क्रमवारी. वाट काँग्रेस विहिरीशी संपवली तर शेवटही शोभतो. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं १९२४ चं अधिवेशन याच भागात भरलं होतं. पण ‘अधिवेशन कुठल्या साली?’ हे कोडं म्हणून घालू नका. ते घरबसल्या सुटतं, आणि जिओकॅशर तर घरातूनच सोडवून मोकळा होतो. उत्तर जागेवर गेल्याशिवाय मिळू नये. त्याच वेळी कुंपणाचे गज किंवा पायऱ्या मोजायला लावू नका. खालची पायरी धरायची की नाही यावर दोन गट पडतात. दगडात कोरलेलं साल सगळ्यात भरवशाचं. रंगवलेली पाटी खेळाच्या आदल्या आठवड्यात पुन्हा रंगवली जाऊ शकते.

टप्प्यांचे आकडे कोऑर्डिनेट्समध्ये कुठं बसवता यावर खेळ तरतो किंवा बुडतो. समजा शेवटची जागा उ १५° ५१.कखग, पू ७४° ३०.चछज अशी लिहिली (एकेक अक्षर म्हणजे एकेका टप्प्यावर मिळणारा अंक). अक्षांशातला ‘ग’ एकानं चुकला तर जागा दोन मीटरही सरकत नाही. ‘क’ एकानं चुकला तर १८५ मीटर, म्हणजे सगळी वरात भलत्याच गल्लीत. रेखांशाचंही जवळपास तसंच, १७८ मीटर. म्हणून क आणि च ही अक्षरं कोरलेल्या सालांतून काढा, डळमळीत उत्तरं ग आणि ज ला द्या. सहाही अंकांची बेरीज चिठ्ठीवर छापा, चूक तिथंच पकडली जाते. ती बेरीजसुद्धा दोघांकडून तपासून घ्या.

खडे बाजार, गणपत गल्ली घ्यायचा मोह होईल. अरुंद गल्ल्यांत, भिंतींच्या मध्ये फोनचं जीपीएस सहज १०–१५ मीटर इकडंतिकडं होतं. तिथं डबा लपवू नका. ओळखीच्या दुकानदार मामांकडं पाकीट ठेवा आणि परवलीचा शब्द सांगा. तसंही कॅम्प, किल्ला, स्टेशन इथं बेवारस डबा ठेवणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. किल्ल्यातलं जैन मंदिर कमल बस्ती, अशा संरक्षित स्मारकाच्या भिंतीत तर कागदसुद्धा खोचू नये. बाकी प्रत्येक डब्यावर कन्नड आणि मराठीत ‘खेळाचा डबा’ आणि मोबाईल नंबर लिहा, आणि खेळ संपला की सगळे डबे मोजून परत आणा.

राजहंसगडाचं गणित उलटं. आकाश उघडं, जीपीएस नीट, डबे कमी लागतात. शिवरायांचा पुतळा आणि सिद्धेश्वराचं देऊळ दुरून ओळखता येतात, त्यामुळे ‘या दोन्हींपासून दिशा धरा आणि रेषा जिथं छेदतील तिथं जा’ असं होकायंत्राचं कोडं इथं खुलतं. अंतर शंभर मीटरच्या आत ठेवा: होकायंत्र ५ अंश चुकलं तर शंभर मीटरवर फरक सुमारे ९ मीटर पडतो. हातात कडं किंवा चुंबकाचं फोन कव्हर असेल तर आणखी जास्त. सावली कमी, वारा फार. चिठ्ठ्या हातातून उडतात, त्या पॅडला क्लिपनं लावा. भाविकांची वर्दळ असते, तेव्हा देवळाच्या आवारात शोधाशोध नको. खानापूरकडं भीमगडला जायचा विचार असेल तर तो अभयारण्याचा भाग आहे; डबे लपवायची ती जागाच नव्हे.

टेबलावरचा खेळ सगळ्यात स्वस्त, पण सगळ्यात घट्ट बांधावा लागतो. एका पेटीला सहा भोकांचा लॉकआउट हॅस्प (एकाच कडीत अनेक कुलपं अडकवायची पट्टी) लावा म्हणजे सहा कुलपं एकदम बसतात, आणि सहा जण एकाच वेळी कामाला लागतात. तीन आकडी कुलूप टाळा. हजार जुळण्या, एकेका जुळणीला तीन सेकंद, म्हणजे ५० मिनिटांत कोडं न सोडवताच उघडतं. चार आकडी घेतलं तर तोच उद्योग आठ तासांवर जातो. आकड्यांसाठी गाडीच्या नंबरपाटीवरचा आरटीओचा आकडा छान: चिकोडी २३, गोकाक ४९, म्हणजे २३४९. बेळगावकर हसत सोडवतो, पुण्याचा पाहुणा डोकं खाजवतो. त्याच्यासाठी एक इशारा राखून ठेवा. कन्नड अंकांचं कोडंही रंगतं, फक्त कन्नड एक अपुऱ्या शून्यासारखा दिसतो, म्हणून छपाई मोठी हवी. नवा आकडा बसवल्यावर कडी उघडी ठेवूनच तीनदा फिरवून बघा. बसवतानाच चाक अर्धवट सरकलं की कुलूप कायमचं रुसतं.

बेळगावची मिठाई कुंदा कुठल्याच डब्यात ठेवू नका. मुंग्यांना कोऑर्डिनेट्स लागत नाहीत. तो यजमानाच्या पिशवीत राहू द्या आणि इव्हेंटची नोंद झाल्यावर काढा.