मेनलाइन स्टॅबिलायझर: शिमग्यानंतर बसवला, गणपतीपर्यंत वापरला

आमचं घर देवगड तालुक्यात, वाडीच्या अगदी टोकाला. डीपी, म्हणजे वाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, पार खाली देवळाजवळ. तार जितकी लांब आणि तिच्यावर लोड जितका जास्त, तितका शेवटच्या घराला व्होल्टेज कमी. मे महिन्यात चाकरमानी आले, बागांचे पंप लागले की संध्याकाळी आमच्याकडे २३० च्या जागी १६०-१६५ यायचा. फ्रिज नुसता घुंघुं करायचा, कॉम्प्रेसर उचलायचाच नाही. विहिरीवरचा पंप तापायचा, पाणी मात्र टाकीपर्यंत चढत नव्हतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १६० वर तो निम्म्याहूनही कमी राहतो.

म्हणून अख्ख्या घरासाठी ५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे किती लोड पेलतो त्याचं माप), तांब्याच्या वाइंडिंगचा स्टॅबिलायझर घेतला. येणारा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी तो घराला जवळपास सारखा व्होल्टेज देतो. घेताना सगळ्यात आधी इनपुटची खालची मर्यादा बघा. १७० पासून पुढे चालणारे स्वस्त मिळतात, पण आपल्याला खरी गरज असते तेव्हाच ते सप्लाय तोडतात. आमचा ११० पासून चालतो. मात्र इनपुट इतका खाली गेला की पूर्ण ५ केव्हीए मिळत नाहीत, त्यामुळे थोडा मोठाच घ्यावा.

या मे महिन्यात डिस्प्लेवर इनपुट १५८, आउटपुट २१८ बघितला आणि फार बरं वाटलं. फ्रिज पहिल्या झटक्यात सुरू होतो, टाकी भरते. रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) बदलताना टक् आवाज येतो आणि दिवे क्षणभर लवतात. ते नको असेल तर सर्वो (आतल्या छोट्या मोटरने व्होल्टेज सलग सावरणारा प्रकार) घ्या, पण तो महाग. लाईट गेली-आली की आमचा स्टॅबिलायझर तीन मिनिटं थांबून सप्लाय देतो. ते कॉम्प्रेसरच्या भल्यासाठी आहे.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. हा डबा वीज तयार करत नाही. घरात २२० व्होल्टला १० अँपिअर लागत असतील तर लाईनमधून १६० व्होल्टला जवळपास १४ अँपिअर ओढतो. मीटरपासूनची जुनी बारीक वायर आम्ही आधी बदलून घेतली, नाहीतर तीच तापली असती. आणि कोणाकडे दिवे अचानक प्रखर, कोणाकडे मंद असं होत असेल तर न्यूट्रल सैल असण्याची शक्यता मोठी. ते आधी लाईनमनकडून तपासून घ्या, त्यावर स्टॅबिलायझर हा इलाज नव्हे.

खाऱ्या हवेची काळजी वेगळीच. श्रावणात वायरमनने झाकण उघडलं तर टर्मिनलवर हिरवट थर. साफ करून, आवळून, वर व्हॅसलिन लावलं. पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर तो टांगूच नका. जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर पडतं, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. विजेच्या कडकडाटात तर स्टॅबिलायझरवर मुळीच विसंबू नका. आम्ही ढग गडगडायच्या आधीच फ्रिज-टीव्हीचे प्लग काढतो.

गणपतीत वाडीतलं प्रत्येक बंद घर उघडलं, तरी आमच्याकडे आरतीच्या वेळी दिवे नीट होते. पण आमचा डबा जास्त करंट ओढतो म्हणजे शेजारच्या काकींकडचा व्होल्टेज आणखी उतरतो, हे मला खटकतं. घराघरात डबे लागले तर लाईन पूर्ण बसेल. त्यामुळे तिन्ही फेजवर लोड सारखा वाटावा आणि वरच्या अंगाला नवा डीपी द्यावा, असा अर्ज सगळ्या वाडीच्या सह्यांनी दिला आहे. त्याचा पाठपुरावा चालू आहे.