मिन्युएट घ्यावी की पर्शियन?

मैत्रिणीला मांजर पाळायचंय. तिचा जीव आखूड पायांच्या मिन्युएटवर जडलाय, घरच्यांना लांब केसांची पर्शियन हवी. विकणारे दोन्हींना 'शांत, गोड' म्हणतात. ते सोडून द्या.

मिन्युएट म्हणजे पर्शियन आणि मंचकिन या आखूड पायांच्या जातीचा संकर. १९९०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला, तेव्हा नाव नेपोलियन होतं.

केसांच्या बाबतीत पर्शियन जास्त कष्टाची. कंगवा रोज. दोन दिवस चुकले की काखेत गुठळ्या होतात, आणि त्या सोडवताना मांजर तुम्हाला माफ करत नाही. मिन्युएटचे केस त्या मानाने कमी गुंततात. चेहराही सहसा कमी चपटा, म्हणून डोळे गळणं आणि घोरणं कमी.

पायांचं गणित मात्र उलटं. आखूडपणाच्या जनुकाची एकच प्रत चालते. दोन आल्या तर गर्भ जगत नाही. म्हणून दोन आखूड पायांच्या मांजरांची जोडी लावणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये. पुढे सांधे दुखू शकतात. ओट्यावर थेट उडी जमत नाही, मध्ये स्टूल लागतं. वजन वाढू देऊन तर चालतच नाही.

मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार पर्शियनच्या रक्तातून दोन्हींकडे येऊ शकतो. आईबापांची डीएनए चाचणी मागाच.

रोज कंगव्याला वेळ असेल तर पर्शियन. वेळ कमी, पण घर मांजराच्या उंचीने लावायची तयारी असेल तर मिन्युएट. तिच्यात लांब पायांची पिल्लंही होतात. मी असते तर तसंच लांब पायांचं पिल्लू घेतलं असतं.